पाठ धरली, तरी पडून राहू नका

मार्चअखेरची संध्याकाळ होती. नाण्यांची थैली उचलण्यासाठी मी कमरेतून वाकलो आणि पाठीत अशी चमक भरली की सरळ उभे राहता येईना. 'मणका सरकला असणार,' असे कुणीसे म्हणाले आणि माझी झोपच उडाली. चार दिवस पट्टा बांधून अंथरुणात काढले. दुखणे मात्र वाढतच गेले. चिमुकल्या मुलीलाही उचलून घेता येईना, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो.

तपासणीअंती निघाली ती साधी उसण. तासन्‌तास एकाच स्थितीत बसल्याने कमरेचे स्नायू थकतात आणि व्यायामाअभावी दुबळे होतात. अशा स्नायूंवर अचानक ओझे पडले की ते ताणले जाऊन आखडतात. हे दुखणे बहुधा काही आठवड्यांत ओसरते. त्यासाठी लगेच एमआरआय करण्याची आवश्यकता नसते. मात्र दुखण्याच्या भीतीने हालचाल थांबवली, की स्नायू अधिकच ताठरतात. माझेही नेमके तेच झाले होते.

डॉक्टरांनी सांगितलेले उपचार साधेच होते. गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्यावा, सोसेल तितके चालावे आणि रोज थोडे अंतर वाढवावे. वेदनाशामक गोळी वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी. तीव्र वेदना ओसरल्यावर मार्जारासन, सेतुबंधासन यांसारखे व्यायाम तज्ज्ञांकडून शिकून नियमित करावेत. दीर्घकालीन कंबरदुखीविषयीच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेनेही व्यायामावर भर दिला असून, कमरेच्या पट्ट्यांचा सरसकट वापर करू नये, असे म्हटले आहे.

काही लक्षणांकडे मात्र दुर्लक्ष नको. पायात बधिरता किंवा अशक्तपणा, ताप, अकारण वजन घटणे, अथवा पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना असल्यास डॉक्टरांना त्वरित दाखवावे. लघवी वा शौचावरील ताबा सुटल्यास किंवा जांघेजवळचा भाग बधिर झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता मी दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठतो. ओझे उचलताना गुडघे वाकवतो आणि ते अंगाजवळ धरतो. संध्याकाळी दारात धावत येणाऱ्या मुलीलाही त्याच रीतीने उचलून घेतो. आपणही आजच उठून चार पावले चालावे, ही विनंती.