उंदराचा सापळा आणि जिवाणूची शेपटी

उत्क्रांतीवर मित्रांमध्ये वाद सुरू झाला की तो फार वेळ एका जागी थांबत नाही. कोणी तरी विचारतं, "माकडाचा माणूस झाला, तर मग आज माकडं कशी उरली?" त्याचं उत्तर अर्धं होतं न होतं तोच दुसरा म्हणतो, "ते सोड, पहिला जीव कुठून आला ते सांग." आणि तिसऱ्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं, "म्हणजे तू देव मानत नाहीस?" तीन वेगळे प्रश्न एकाच दमात विचारले जातात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं जातं.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आजची माकडं आपली पूर्वज नव्हेत, ती आपली चुलत नातलग आहेत. माणूस आणि चिंपांझी यांचा समान पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेला आणि तो या दोघांपैकी कोणीच नव्हता. दुसरा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे, खुला आहे, आणि डार्विनच्या सिद्धांताला तो लागू होत नाही. हा सिद्धांत सुरूच होतो तो जीव अस्तित्वात आल्यानंतर. तिसरा प्रश्न ज्याचा त्याचा. पण या तिन्हींच्या मधल्या जागेत एक चौथा युक्तिवाद येऊन बसतो आणि तो दिसायला फार भक्कम असतो: "इतकी गुंतागुंतीची गोष्ट आपोआप होईलच कशी? कोणी तरी रचली असणार." यालाच अमेरिकेत 'इंटेलिजंट डिझाइन' हे नाव मिळालं. हा युक्तिवाद एकदा भर कोर्टात, शपथेवर, सहा आठवडे तपासला गेला. कट्ट्यावर जे कधीच होत नाही ते तिथं झालं, म्हणजे बोलणाऱ्याला विषय बदलू दिला गेला नाही.

युक्तिवाद तसा जुनाच. १८०२ साली विल्यम पेली या इंग्लिश पाद्र्यानं लिहिलं की माळरानावर पडलेलं घड्याळ सापडलं, तर त्याचा घडवणारा कोणी असणार असंच आपण म्हणू. मग डोळ्यासारख्या अवयवाला घडवणारा नसेल कसा? केंब्रिजमध्ये शिकत असताना डार्विननं पेली मनापासून वाचला होता. १८५९ मध्ये त्यानं जे पुस्तक काढलं, ते एका अर्थानं याच प्रश्नाचं उत्तर होतं: जिवांत लहानलहान फरक असतात, काही फरक जगायला आणि पिल्लं वाढवायला उपयोगी पडतात, ते पुढच्या पिढीत जास्त उतरतात, आणि वेळ भरपूर आहे.

अमेरिकेत या उत्तराचं शाळेशी कधी जमलं नाही. १९२५ मध्ये टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला. असे बंदीचे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये घटनाबाह्य ठरवले. मग बायबलमधल्या निर्मितीकथेला 'निर्मितीविज्ञान' म्हणून उत्क्रांतीच्या शेजारी बसवायचा प्रयत्न झाला. १९८७ मध्ये तोही कोर्टानं धर्मशिक्षण म्हणून बाद केला. सरकारी शाळेत धर्म शिकवता येत नाही हा तिथल्या घटनेचा दंडक आहे. इंटेलिजंट डिझाइन पुढे आलं ते यानंतर. त्यात देवाचं नाव नसतं, फक्त 'एक बुद्धिमान रचनाकार' असतो.

ऑक्टोबर २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर या छोट्या गावाच्या शाळा मंडळानं सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला आणि त्यातूनच नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचं ठरलं: डार्विनचा सिद्धांत हा सिद्धांत आहे, त्यात त्रुटी आहेत, पर्याय जाणून घ्यायचा असेल तर 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक शाळेत ठेवलेलं आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी निवेदन वाचायला नकार दिला, म्हणून अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन ते वाचलं. त्याआधीच अकरा पालक कोर्टात गेले होते. न्यायाधीश होते जॉन जोन्स, स्वतः रिपब्लिकन आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीच नेमलेले. निकाल आपल्याच बाजूनं लागणार, असं मंडळाच्या समर्थकांना वाटलं असेल तर नवल नाही.

मंडळाच्या बाजूचा सगळ्यात वजनदार साक्षीदार मायकेल बेही. लीहाय विद्यापीठातला जीवरसायनशास्त्रज्ञ. त्याचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण तो मूर्खपणाचा नाही. तो म्हणतो, उंदीर पकडायचा सापळा घ्या. फळी, स्प्रिंग, दांडा, आकडा, खटका. यातली एक वस्तू काढली की सापळा 'थोडा कमी चांगला' होत नाही, तो सापळाच राहत नाही. नैसर्गिक निवड एकेक पायरीनं चालते आणि प्रत्येक पायरीला काही तरी उपयोग असावा लागतो. अर्धा सापळा अर्धे उंदीर धरत नाही. मग असं यंत्र पायरी पायरीनं बनेल कसं? या गुणधर्माला त्यानं 'अविभाज्य गुंतागुंत' म्हटलं, आणि पेशीतली उदाहरणं दिली. त्यातलं सर्वांत गाजलं ते जिवाणूच्या शेपटीचं.

ही शेपटी, जीवशास्त्राच्या पुस्तकातली कशाभिका, खरोखर थक्क करणारी आहे. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू तिच्या जोरावर पोहतो. ती माशाच्या शेपटासारखी वळवळत नाही, गोल फिरते. बुडाशी पेशीच्या आवरणात बसवलेली एक मोटर आहे. बाहेरून आत येणाऱ्या प्रोटॉनच्या प्रवाहावर ती चालते आणि सेकंदाला शेकडो फेरे घेते. मोटरला जोडलेला एक आकडा, त्याच्या पुढे लांब पोकळ धागा. एका दिशेनं फिरली की जिवाणू सरळ पोहतो, दिशा उलटली की जागच्या जागी कोलांटतो आणि नवी वाट धरतो. याला तीस-चाळीस प्रकारची प्रथिनं लागतात. एखादं महत्त्वाचं प्रथिन काढलं तर शेपटी बंद. आकृती पाहिली की तिला कारखान्यातलं यंत्र म्हणावंसं वाटतं, आणि बेहीच्या बाजूचा निम्मा जोर त्या आकृतीतच आहे.

आता हा धागा वाढतो कसा ते पाहा. केस मुळाशी वाढतो. हा वाढतो टोकाशी. नवी प्रथिनं पेशीत तयार होतात, बुडाशी असलेल्या एका पंपातून पोकळ धाग्यात ढकलली जातात, आतून प्रवास करत टोकाला पोचतात आणि तिथं बसतात. म्हणजे या 'मोटर'च्या आत एक वेगळंच यंत्र दडलेलं आहे, प्रथिनं बाहेर ढकलणारं. आणि नेमकं तेच यंत्र इतर जिवाणूंमध्ये शेपटीशिवाय सापडतं. प्लेगच्या जिवाणूकडे ते आहे. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात ज्या जिवाणूनं घरंच्या घरं ओस पाडली, त्याला पोहता येत नाही. पण शेपटीच्या बुडाशी जी प्रथिनं असतात त्यांच्याच नात्यातली सुमारे दहा प्रथिनं वापरून तो एक सूक्ष्म सुई उभी करतो आणि आपल्या पेशींत विष टोचतो.

पालकांच्या बाजूचा पहिला साक्षीदार, ब्राउन विद्यापीठाचा केनेथ मिलर, यानं हेच कोर्टाला समजावलं. बेहीची अट होती की भाग काढले तर उरलेलं निरुपयोगी ठरायला हवं. इथं भाग काढल्यावर शेपटी उरत नाही हे खरं, पण जे उरतं ते कामाचं असतं, दुसऱ्या कामाचं. मिलर सापळ्याचे दोन भाग काढून उरलेला सापळा टायला चिमट्यासारखा लावून हिंडत असे. सापळा म्हणून बाद, टायची पिन म्हणून झकास.

इथं उत्क्रांतीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही जरा जपून बोलावं. प्लेगची सुई आधी आणि शेपटी नंतर, असं अनेकजण ठोकून देतात. जनुकांची वंशावळ पाहता उलटंच दिसतं: शेपटी जुनी आणि सुई तिच्यापासून निघालेली असावी. पण मिलरचा मुद्दा याच्यावर अवलंबून नाही. त्याला एवढंच दाखवायचं होतं की यंत्राचा तुकडा स्वतंत्रपणे जगू शकतो. पेशीत एखाद्या जनुकाची चुकून नक्कल होते, मूळ प्रत आपलं काम करत राहते, दुसरी प्रत बदलायला मोकळी होते आणि कधी नवं काम उचलते. आणि आज अपरिहार्य असलेला भाग सुरुवातीपासून अपरिहार्य होता असं नाही. जुन्या वाड्याच्या दगडी कमानीतला एकही दगड आज काढता येत नाही, पण ती बांधली तेव्हा खाली लाकडाचा आधार होता. काम झाल्यावर तो काढून टाकला.

रक्त गोठण्याची साखळी हे बेहीचं दुसरं उदाहरण. त्यातला एक घटक देवमासे आणि डॉल्फिन यांच्यात नाहीच, तरी त्यांचं रक्त व्यवस्थित गोठतं. तिसरं उदाहरण रोगप्रतिकारशक्तीचं. तिच्या उत्क्रांतीचं समाधानकारक उत्तर विज्ञानाकडे नाही, असं बेही म्हणत आला होता. उलटतपासणीत वकिलानं त्या विषयावरचे अठ्ठावन्न शोधनिबंध आणि वर काही पुस्तकं त्याच्यासमोर रचली. तो म्हणाला, हे पुरेसं नाही. विज्ञानाची त्याची व्याख्या लावली तर फलज्योतिषही त्यात बसेल का, असं विचारल्यावर त्यानं हो म्हटलं. प्रामाणिक उत्तर होतं, पण महागात पडलं.

मला स्वतःला या खटल्यात सर्वांत पटलेला पुरावा शेपटीचा नाही, गुणसूत्रांचा आहे. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? एवढं मोठं गुणसूत्र हरवलं तर जीव जगणार नाही. म्हणजे दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटली असली पाहिजेत. आणि चिकटली असतील तर खुणा उरल्या पाहिजेत. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी हा अक्षरक्रम पुन्हा पुन्हा येतो. तो टोकाला असतो, मध्ये असायचं त्याला काही कारण नाही. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात तो मध्येच सापडतो, एका बाजूनं सरळ आणि लगेच पुढे उलटा, जणू दोन टोकं तोंडाला तोंड लावून जोडली आहेत. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक गुणसूत्रबिंदू असतो; इथं चालू असलेल्या गुणसूत्रबिंदूखेरीज दुसऱ्याचे अवशेष आहेत. हे सापडलं नसतं तर समान पूर्वजाचा सिद्धांत अडचणीत आला असता. सिद्धांतानं मान पुढे केली होती.

रचनावाद्यांची खरी अडचण इथं आहे, आणि मित्रांशी बोलताना मी हाच प्रश्न विचारतो: रचनाकारानं घडवलं असेल तर काय सापडायला हवं, आणि काय सापडलं तर तू म्हणशील की नाही, माझं चुकलं? रचनाकाराला दोन गुणसूत्रं जोडावीशी वाटली असतील, किंवा नसतील वाटली. दोन्ही चालतं. ज्या म्हणण्याला काहीही चालतं, ते कदाचित खरंही असेल, पण प्रयोगशाळेत त्याचं करायचं काय?

कोर्टातला सगळ्यात गमतीदार पुरावा मात्र मुद्रणाचा होता. बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी 'पांडाज' पुस्तकाचे जुने कच्चे खर्डे तपासले. १९८७ च्या निकालाआधीच्या खर्ड्यांत 'क्रिएशनिस्ट्स', म्हणजे निर्मितीवादी, हा शब्द होता. निकालानंतर त्याच जागी 'डिझाइन प्रोपोनन्ट्स' आले; व्याख्या जवळजवळ तीच राहिली. एका ठिकाणी बदल करणाऱ्याचा हात घसरला आणि जुन्या शब्दाचं डोकं आणि शेपूट नव्याला चिकटून राहिलं: 'सीडिझाइन प्रोपोनन्ट्सिस्ट्स'. जीवाश्मशास्त्रात मधला दुवा म्हणतात तो हाच, पण पुस्तकाचा!

२० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानी निकाल आला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नव्हे, ते निर्मितीवादाचंच रूप आहे, आणि मंडळाच्या काही सदस्यांनी आपला धार्मिक हेतू लपवायला खोटं सांगितलं, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं. गावकऱ्यांनी निकालाची वाटही पाहिली नव्हती. नोव्हेंबरच्या निवडणुकीत पुन्हा उभे राहिलेले मंडळाचे आठही सदस्य त्यांनी पाडले. खटल्याच्या खर्चापोटी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम त्या छोट्या शाळा मंडळाच्या अंगावर आली.

या खटल्याला 'विज्ञान विरुद्ध धर्म' म्हणणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही. मिलर नेमानं चर्चला जाणारा कॅथलिक आहे. पालकांच्याच बाजूनं जॉन हॉट या कॅथलिक धर्मशास्त्रज्ञानंही साक्ष दिली. उत्क्रांती ही निव्वळ अटकळ राहिलेली नाही, असं पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्येच म्हटलं होतं. देव मानणारा माणूस देवाला शेपटीच्या मोटरमध्ये शोधतोच असं नाही. उलट ज्या ज्या जागी विज्ञानाला अजून उत्तर नाही तिथं देवाला बसवलं, तर दर नव्या शोधानिशी त्याला उठावं लागतं. भक्ताला ही कल्पना नास्तिकापेक्षा जास्त खटकायला हवी.

आपल्याकडे वादाचा सूर वेगळा असतो. इथं बहुतेकदा उत्क्रांती नाकारली जात नाही, ती आपलीच म्हणून सांगितली जाते: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, हा क्रम पाहा, डार्विनच्या आधी आपल्याला ठाऊक होतं. कल्पना म्हणून छान आहे, जे. बी. एस. हाल्डेनसारख्या मोठ्या जीवशास्त्रज्ञालाही ती भावली होती. पण गुणसूत्राचा प्रश्न हिलाही विचारायचा. दशावतारावरून पुढे काय सापडेल हे सांगता येतं का? नाही, आणि ते सांगणं हे त्या कथेचं कामही नाही. कोकणातल्या देवळात रात्रभर दशावतार पाहणाऱ्याला त्यात जीवशास्त्र शोधावंसं वाटत नाही.

थेट नकारही अधूनमधून येतो. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला झालेल्या वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिलेला नाही. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून ते खोडलं. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातून उत्क्रांती काढून टाकली गेली. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. अभ्यासाचं ओझं कमी करणं हे कारण दिलं गेलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे, पण कॉमर्सला किंवा आर्ट्‌सला गेलेलं पोर तिथवर पोचतच नाही. बालभारतीच्या दहावीच्या २०१८ च्या पुस्तकात मात्र हाच धडा, त्याच नावानं, विज्ञानाच्या दुसऱ्या भागात अगदी पहिला होता, त्यातल्या पेरिपॅटस, डकबिल प्लॅटिपस आणि लंगफिश या मधल्या दुव्यांसकट.