नाव सांगा, बाई!

स्वतंत्र भारताची पहिली लोकसभा निवडणूक १९५१-५२ साली झाली. मतदार १७ कोटींवर, बहुतेक निरक्षर. म्हणून दर उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर बैलजोडी, झाड, झोपडी असे चिन्ह. पण उत्तरेकडच्या कित्येक बायकांनी यादीत नावच दिले नव्हते. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’, एवढेच! मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा सुमारे २८ लाख नोंदी वगळायला लावल्या. कठोर खरेच, पण मला पटते.

धरणगावला मी बँकेत होतो. खाते उघडायला आलेली बाई नाव विचारले की पदर सावरून मुलाकडे बघायची. तो तोंड उघडायच्या आत मी म्हणे, ‘तुम्ही नको, मावशींना सांगू द्या.’ एकीने बराच विचार केला. मग हळूच विचारले, ‘माहेरनं सांगू का सासरनं?’