जुन्या संगणकाची बडतर्फी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सरसकट सुरक्षा-सुधारणा पुरविणे थांबविले, आणि ज्यांच्या अंगी अद्याप पुष्कळ चाकरी शिल्लक होती असे असंख्य संगणक, केवळ नव्या विंडोजला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप वा नवा प्रोसेसर नाही एवढ्याच सबबीवर, बडतर्फ ठरले. हा न्याय आम्हांस मंजूर नाही. हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्सवर आधारलेली ‘मिंट’ ही प्रणाली विनामूल्य मिळते, चार जीबी रॅमवर सुखाने चालते, आणि इन्स्टॉल करतानाच संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याची मुभा देते. मात्र त्या वेळी जुना मजकूर पुसला जात असल्याने दस्तऐवजांची नक्कल आधी अन्यत्र काढून ठेवावी.