उपाहारगृहातील संबोधने व संकेत

उपाहारगृहात, खाणावळीत किंवा चहाच्या दुकानात बसलेला ग्राहक वाढप्याचे लक्ष वेधून घेण्यासाठी जे शब्द, हावभाव व खुणा वापरतो, त्यांचा समावेश या विषयात होतो. विषय वरवर किरकोळ वाटला, तरी त्यात एक सामाजिक पेच आहे. ग्राहक व वाढपी सामान्यतः एकमेकांस अपरिचित असतात. त्यांचा संबंध थोड्या वेळापुरता व पैशावर आधारलेला असतो. आणि तरीही एकाला दुसऱ्यास हाक मारावीच लागते. ज्याचे नाव ठाऊक नाही अशा माणसास काय म्हणून हाक मारावी, या प्रश्नाचे मराठी भाषकांनी काढलेले उत्तर दोन घटकांचे आहे : नातेवाचक शब्द आणि क्रियापदाचे आदरार्थी रूप. यांपैकी केवळ पहिला घटक वापरल्यास सौजन्याचा आभास निर्माण होतो. खरे सौजन्य दुसऱ्यावर अवलंबून असते.

पूर्वपीठिका : पारंपरिक पंगतीत जेवणाऱ्याने वाढप्यास हाक मारण्याचा प्रसंग सहसा येत नसे. वाढपी पदार्थाचे नाव पुकारीत पानांपुढून फिरत. पदार्थ नको असल्यास पानावर आडवा हात धरला की पुरे होई. मागून घेण्यात जेवणाऱ्यास संकोच वाटे आणि तो दूर करण्यासाठीच यजमान आग्रह करी. वाढणारे बहुधा यजमानाचे आप्तेष्ट किंवा शेजारी असत, त्यामुळे वाढण्याच्या कामात कमीपणा मानला जात नसे. घरचा कर्ता पुरुषही तूप वाढण्यास पुढे होई. पैसे देऊन जेवण्याची सोय झाल्यावर ही रचना उलटली. आता हाक मारण्याचे काम जेवणाऱ्याकडे आले व वाढणे ही नोकरी झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या वाढल्या आणि कोकण व देशावरून एकटे आलेले कामगार खाणावळींत जेवू लागले. यांतील अनेक खाणावळी स्त्रिया आपल्या राहत्या खोलीतच चालवीत. जेवणारे महिनेवारीने बांधलेले व ओळखीचे असल्याने ‘बाई’, ‘मावशी’, ‘काकू’ ही संबोधने तेथे स्वाभाविक ठरली. खाणावळ चालविणाऱ्या अशा स्त्रियांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ या नावाने मुंबईत उभारली. मावशी म्हटल्या जाणाऱ्या या स्त्रिया वस्तुतः लहान व्यावसायिक होत्या, ही गोष्ट त्यामुळे लोकांपुढे आली.

इराणी व उडुपी उपाहारगृहांची रीत निराळी होती. इराणी उपाहारगृहांत (उदा., मुंबईतील कयानी, १९०४, पुण्यातील गुडलक, १९३५) मालक गल्ल्यावर बसे आणि ग्राहक उठला की वाढपी त्याच्या बिलाची रक्कम मोठ्याने पुकारून मालकास कळवी. हाकाटी हा तेथील कामाचाच भाग असल्याने ग्राहकाने मोठ्याने बोलावणे विशेष खटकत नसे. मात्र ग्राहकाने कसे वागावे, यासंबंधीच्या सूचनांचे फलकही याच उपाहारगृहांत लागत आणि त्यांवर निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) यांनी इंग्रजीत कविता लिहिली. उडुपी उपाहारगृहांमुळे ‘अण्णा’ हे संबोधन मुंबईत रूढ झाले. कन्नडमध्ये या शब्दाचा अर्थ थोरला भाऊ असा असून मराठीतही तो वडीलधाऱ्या पुरुषासाठी वापरात असल्याने तो सहज स्वीकारला गेला. केळीच्या पानावर जेवण वाढणाऱ्या माटुंग्याच्या रामा नायक यांच्या भोजनगृहासारख्या (१९४२) संस्थांत पंगतीची रीत काही अंशी टिकून राहिली. तेथे वाढपी स्वतःच फिरत असल्याने हाकेची गरज कमी पडते.

‘पोऱ्या’ व ‘बॉय’ : टेबल पुसणे, पाणी आणणे व कपबशा उचलणे ही कामे दीर्घकाळ अल्पवयीन मुलांकडून करून घेतली जात आणि त्यांना ‘पोऱ्या’ किंवा ‘बॉय’ अशी हाक मारली जाई. यांपैकी अनेक मुलांनी दिवसभर काम करून मुंबईच्या रात्रशाळांत शिक्षण घेतले. पुढे हीच हाक प्रौढ वाढप्यांनाही लावली जाऊ लागली. माणूस पन्नाशीचा असला, तरी कामामुळे तो ‘पोऱ्या’च राही. १९८६ चा बालकामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम आरंभी काही ठराविक व्यवसायांनाच लागू होता. १० ऑक्टोबर २००६ पासून धाबे, उपाहारगृहे व घरकाम यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई झाली आणि २०१६ च्या दुरुस्तीने, कौटुंबिक व्यवसायासारखे अपवाद वगळता, ही मनाई सर्व व्यवसायांना लागू झाली. त्यामुळे ‘पोऱ्या’ ही हाक आज दुहेरी आक्षेपार्ह ठरते : प्रौढास ती अपमानकारक असते आणि मुलाच्या बाबतीत ती बेकायदा नोकरीची खूण असते.

व्याकरण व सौजन्य : इंग्रजीत विनंतीदर्शक शब्द जोडून आज्ञेचे रूप सौम्य करता येते. मराठीत त्या अर्थाचा ‘कृपया’ हा शब्द मुख्यतः फलकांवर व पत्रव्यवहारात आढळतो. बोलण्यात सौजन्याचा भार क्रियापद वाहते. ‘ए, पाणी आण’, ‘ए दादा, पाणी आण’, ‘दादा, पाणी आणा’ आणि ‘दादा, जरा पाणी आणता का?’ या चार वाक्यांत मागणी एकच आहे. दुसऱ्या वाक्यात नातेवाचक शब्द आला, तरी ‘ए’ व एकवचनी आज्ञार्थ यांमुळे त्यातील अधिकाराचा सूर कायम राहतो. तिसऱ्यात अनेकवचनाने आदर येतो. चौथ्यात प्रश्नार्थक रचनेमुळे समोरच्यास, निदान औपचारिकपणे, नकाराची मुभा मिळते आणि ‘जरा’ या शब्दाने मागणीचे ओझे हलके होते. रॉजर ब्राउन व ॲल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील सर्वनामांची चिकित्सा करताना सत्ता व आत्मीयता ही दोन तत्त्वे मांडली. एकेरी रूप दोन्ही बाजूंनी वापरले गेले, तर ते आत्मीयतेचे द्योतक ठरते; एकाच बाजूने वापरले गेले, तर सत्तेचे. ग्राहक ‘तू’ म्हणतो आणि वाढपी ‘साहेब’ म्हणून उत्तर देतो, तेव्हा संबंध कोणता आहे हे स्पष्ट होते.

नातेवाचक शब्दही निरपवादपणे सौजन्यदर्शक नसतात. ‘भैया’ या हिंदी शब्दाचा अर्थ भाऊ असा असला, तरी महाराष्ट्रात तो उत्तर भारतीय स्थलांतरितांचे समूहवाचक नाव म्हणून, पुष्कळदा हेटाळणीच्या सुरात, वापरला जातो. म्हणून अनोळखी वाढप्यास ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ म्हणणे अधिक निर्दोष होय. स्त्रीस ‘ताई’ हे संबोधन बहुधा सुरक्षित असते. ‘मावशी’ किंवा ‘काकू’ म्हणताना वयाचा अंदाज चुकू शकतो. नाते निवडता येत नसेल, तर ‘अहो’ किंवा ‘जरा ऐकता का?’ पुरेसे होते.

संकेत : शब्दाविना लक्ष वेधण्याच्या रीतींत नजरानजर करून मान किंचित हलविणे व हात खांद्याच्या उंचीपर्यंत उचलणे या शिष्टसंमत आहेत. बिलासाठी हवेत लिहिल्याची खूण सर्वत्र समजते. चुटकी वाजविणे, टाळी देणे, शीळ घालणे, ‘शुक शुक’ करणे, पेल्यावर चमचा आपटणे व अंगाला स्पर्श करणे या रीती असभ्य मानल्या जातात. दोन्ही हातांत ताटे असलेल्या वाढप्यास थांबविणे गैरसोयीचे व क्वचित अपघाताचेही कारण होते.

अन्य समाज : फ्रेंचमध्ये मुलगा या अर्थाच्या ‘गार्साँ’ या शब्दाने वाढप्यास हाक मारणे आता अशिष्ट समजले जाते, त्याचा इतिहास ‘पोऱ्या’शी समांतर आहे. जपानमध्ये ‘सुमिमासेन’ (माफ करा) असे स्पष्ट स्वरात पुकारणे शिष्टसंमत आहे. कोरियात प्रौढ वाढपी स्त्रीस ‘इमो’, म्हणजे शब्दशः मावशी, असे म्हणतात.

स्थलपरत्वे भेद : पनवेलच्या परिसरात हे भेद थोड्या अंतरात आढळतात. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील फूड मॉलमध्ये ग्राहक पैसे भरून स्वतःच पदार्थ घेतो, त्यामुळे हाकेचा प्रश्न बहुधा उद्‌भवत नाही. पळस्पे फाट्यासारख्या, पुणे व गोवा मार्ग जेथे वेगळे होतात अशा ठिकाणी प्रवाशाच्या घाईमुळे हाक तुटक होते. गाढी नदीच्या खोऱ्यातील नेरे गावासारख्या ठिकाणी घरगुती खाणावळीत मात्र स्वयंपाक करणारी, वाढणारी व मालकीण एकच असू शकते. तेथे ग्राहक हा दुसऱ्याच्या घरी आलेला पाहुणा ठरतो आणि ‘ताई, आणखी एक भाकरी मिळेल का?’ हीच स्वाभाविक भाषा होय. या पट्ट्यातील आगरी बोलीत पुरुषासाठी ‘दादूस’ हे आपुलकीचे संबोधन आहे.

अलीकडील बदल : टेबलावरील घंटीचे बटन आणि २०२० च्या महासाथीनंतर रूढ झालेली भ्रमणध्वनीवरून पदार्थ मागविण्याची सोय यांमुळे हाकेचे प्रसंग घटले आहेत. काही उपाहारगृहांत वाढप्याच्या छातीवर नावाची पट्टी असते. तीमुळे नाव कळते, पण एकाच बाजूस; ग्राहक स्वतः अनामच राहतो. म्हणून नुसत्या नावाने हाक मारण्याऐवजी त्यास ‘दादा’ किंवा ‘ताई’ जोडणे व क्रियापद अनेकवचनी ठेवणे उचित ठरते.