आवाज मोठा, फेरे किती?

चिंचवडला राहणाऱ्या माणसाला आवाजाचे वावडे असून चालत नाही. एका बाजूला लोहमार्ग, दुसऱ्या बाजूला हमरस्ता, मधे औद्योगिक वसाहत, आणि या सगळ्यांना पुरून उरणारी लग्नसराईतली वाजंत्री! मोरया गोसावींच्या समाधीपाशी, पवनेच्या घाटावर पहाटे थोडी शांतता मिळते. पण ती लवकर उठणाऱ्यालाच. अशा गावात इतकी वर्षे काढूनही एका रविवारी दुपारी मी खुर्चीतून दचकून उठलो. कोणी तरी गच्चीवर डास पाळावा आणि तो वाढत वाढत म्हशीएवढा व्हावा, तसला तो आवाज होता.

वर जाऊन पाहतो तो आमचे भाचे! शिक्षणासाठी ते आमच्याकडे असतात आणि एन.सी.सी.च्या हवाई शाखेत आहेत. तिथे विमानांचे नमुने करून उडवण्याच्या स्पर्धा होतात. विमानाला दोन बारीक तारा बांधायच्या, त्यांची मूठ हातात धरायची, आणि आपण मधे उभे राहून विमान भोवती गोल फिरवायचे, असा त्यातला एक प्रकार. त्याच विमानाचे इंजिन स्वारीने लाकडी स्टुलावर आवळून सुरू केले होते. इंजिन केवढे? तर अडीच सी.सी.चे! मुठीत मावेल एवढे. पण त्याचा सायलेन्सर काढून बाजूला ठेवलेला होता.

"सायलेन्सर ताकद खातो, मामा," भाच्याने मला ओरडून सांगितले. "उघडं चालवलं की बघा कसं पळतं!"

तो पळत होता की नाही ते मला कळले नाही. पण चौथ्या मजल्यावरचे दोन महिन्यांचे बाळ मात्र किंचाळत उठले होते. दहा मिनिटांत सोसायटीचे चिटणीस वर आले. आवाज आटोक्यात आला तरच इंजिन, नाही तर गच्चीला कुलूप, असा निकाल त्यांनी दिला. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. मी चिटणिसांची बाजू घेतली, तेव्हा भाचा एवढेच म्हणाला, "मामा, तुम्ही मराठी शिकवता. यातलं तुम्हाला काय कळणार?"

बोलणे खरे होते, म्हणूनच ते लागले. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन अप्पांकडे गेलो.

अप्पा म्हणजे माझे चुलते. स्कूटरच्या इंजिनांवर त्यांचे आयुष्य गेले. चिंचवड-आकुर्डीच्या जुन्या रहिवाशांना स्कूटरची महती सांगायला नको. आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या कारखान्यातून 1972 साली चेतक बाहेर पडली आणि मध्यमवर्गाचा सारा संसार, पुढे उभे राहिलेले पोर आणि मागे एकीकडे पाय सोडून बसलेली पत्नी यांच्यासह, तिच्यावर चालू लागला. अप्पा मात्र दुसऱ्या एका कारखान्यात, इंजिनांच्या चाचणीच्या खोलीत, तीस वर्षे होते. कानात कापूस घालणाऱ्याला तेव्हा सोबती हसत. आज अप्पांना जवळजवळ ऐकू येत नाही. नातीचा फोन आला की ते तो कानाला लावतात, हसतात, आणि काकूंच्या हातात देतात.

आम्ही पाटीवर लिहून भांडण त्यांच्यापुढे मांडले. ते वाचून अप्पा म्हणाले, "मला आवाज येत नाही, तेव्हा मला कोणी फसवू शकणार नाही. फेरे मोजायचं यंत्र आणा."

पुढच्या रविवारी सकाळी अकराला, बाळाच्या आईची परवानगी काढून, गच्चीवर कोर्ट भरले.

आता या इंजिनाची थोडी ओळख करून द्यायला हवी. त्यात ठिणगी नसते. डोक्यावर प्लॅटिनमच्या तारेचे एक इवलेसे वेटोळे असते. सुरुवातीला बॅटरीने ते तापवायचे. मग बॅटरी काढून घेतली तरी ते आपले लाल राहते. इंधन पेट्रोल नव्हे, तर मिथेनॉल, आणि त्यात वंगणासाठी चक्क एरंडेल! लहानपणी जे नाक दाबून आपल्या घशात ओतले जाई, तेच हे. कॅस्ट्रॉल हे तेलाचे नावही एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच आलेले आहे. गच्चीवर तो वास दरवळला, तेव्हा माझ्या पोटात जुन्या आठवणी ढवळून आल्या.

यंत्र पंख्यासमोर धरले की पाती किती वेळा उजेड अडवतात ते मोजून ते फेरे सांगते. पहिली पाळी उघड्या इंजिनाची: मिनिटाला 14,100 फेरे. मग सायलेन्सर चढवला: 13,600.

"पाहिलंत!" भाचा उडालाच.

अप्पांनी आकडे वाचले. "शंभरात साडेतीन गेले. एवढ्या आवाजामागे एवढेच? बरं, तुझं विमान नेहमी सपाटच उडतं का? नाक वर कर."

स्टूल तिरके करून उघड्या इंजिनाचे नाक आभाळाकडे केले. दोन-तीन क्षण ते उंच सुरात किंचाळले आणि पटकन बंद पडले. सायलेन्सर लावून तेच केले, तर सूर जरासा हलला, पण इंजिन चालत राहिले. कारण सोपे आहे. सायलेन्सरला एक छोटी नळी असते. ती इंधनाच्या टाकीला जोडतात, आणि धुराच्या दाबाने इंधन पुढे ढकलले जाते. आमच्या हुशार गृहस्थांनी सायलेन्सर काढला, त्याबरोबर हा दाबही गेला. नाक वर होताच इंधन चढेना, नुसती हवा वाढली, इंजिन तापले आणि दम तोडला. स्टुलावर मिळवलेले पाचशे फेरे आकाशात कुठे गेले असते ते सांगायला नको.

पण भाचाही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने पिशवीतून एक चकचकीत लांब नळी काढली, मित्राकडून मागून आणलेली. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. "हिने तर फेरे वाढतात, आजोबा!"

ती पाहताच अप्पांचे डोळे चमकले.

या नळीची करामत समजायला लोणावळ्याची लोकल डोळ्यांपुढे आणावी. चिंचवडला गाडी थांबते. उतरणारे आणि चढणारे एकाच वेळी झोंबतात. टू-स्ट्रोक इंजिनाचेही तसेच. जळका धूर बाहेर जात असतानाच ताजे इंधन आत शिरते, आणि त्या गर्दीत काही ताजे उतारूही धुराबरोबर फुकट बाहेर ढकलले जातात. आता समजा, फलाटावर एक पहिलवान उभा केला. त्याने आधी उतरणाऱ्यांना बाहेर ओढावे, आणि दार बंद होण्याच्या नेमक्या क्षणी, चुकून उतरलेल्यांना आत ढकलावे. रुंदावत जाणारी नळी ओढते. पुढे अरुंद होणारा भाग दाबाची लाट उलट पाठवतो आणि ती ढकलते. पहिलवान लोखंडाचाही नाही, नुसत्या प्रतिध्वनीचा!

पण वेळ साधली पाहिजे. 14,000 फेऱ्यांना धुराचे दार सेकंदाच्या सुमारे सहाशेव्या भागापुरतेच उघडे असते. गरम धुरात लाट सेकंदाला पाचेकशे मीटर धावते. तेवढ्यात तिने जाऊन परत यायचे, म्हणजे नळी सुमारे दोन वीत हवी. स्कूटरसारख्या पाचेक हजार फेऱ्यांच्या इंजिनाला हीच युक्ती करायची, तर नळी तीन-चार फूट लागेल. म्हणूनच जुन्या स्कूटरच्या पोटाखाली बिचारा एक डबा असे. त्यात काजळी साठली की गाडी चढावर रडे, आणि मेकॅनिक तो डबा आगीत घालून भाजून काढी.

ही विद्या पूर्व जर्मनीतल्या एम.झेड. कारखान्याच्या वॉल्टर काडेन यांनी 1950 नंतरच्या दशकात पुरी विकसित केली. 1961 साली त्यांची 125 सी.सी.ची शर्यतीची मोटारसायकल 25 अश्वशक्तीपर्यंत पोचली होती. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर, बायकामुलांना गुपचूप पश्चिमेकडे काढून, स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. 1962 साली सुझुकीवर बसून त्याने 50 सी.सी.चे जगज्जेतेपद पटकावले. पत्र्याच्या नळीसाठी माणसाने देश सोडावा, हे ऐकून काकूंनी चहा ठेवायला घेतलेले पातेले खाली ठेवले.

असो. भाच्याने नळी बसवली: 12,900! चेहरा पडला. अप्पा म्हणाले, "लांब आहे. सरकव." जोडावरच्या रबरी बाहीतून नळी अर्धा अर्धा सेंटिमीटर आत सरकवत गेलो. 13,200. 13,500. आणि मग एकाएकी इंजिनाचा सूरच पालटला: 14,700. आणखी अर्धा सेंटिमीटर सरकवताच पुन्हा खाली. गंमत म्हणजे फेरे सर्वांत जास्त, तरी आवाज उघड्या इंजिनापेक्षा कमी होता. चिटणीस जिन्यात उभे होते, त्यांनीच ते सांगितले.

तरीही नळी विमानावर चढली नाही. एवढ्याशा विमानाला तिचे वजन झेपेना, तोल बिघडे, आणि पंखा बदलला की पुन्हा नवी लांबी शोधणे आले. भाच्याने स्वतःच ती मित्राला परत केली.

जाताना त्याने पाटीवर आणखी एक प्रश्न लिहिला. त्याच्या मित्रांच्या मोटारसायकलींना फटाक्यासारखे वाजणारे सायलेन्सर आहेत. त्याने ताकद वाढते ना? अप्पांनी मान हलवली. त्या गाड्या फोर-स्ट्रोक. नुसता सायलेन्सर बदलून, बाकी इंधनाची मांडणी तशीच ठेवली, तर मधल्या वेगाची ओढ उलट घटण्याचाच संभव जास्त. शिवाय धूर शुद्ध करणारी जाळीही पुष्कळदा त्याबरोबर जाते. कायद्याची मर्यादा 80 सी.सी.पर्यंत 75 डेसिबल, 175पर्यंत 77 आणि त्यावर 80 अशी आहे, हे मी सांगितले. पण ते भाच्याने फारसे मनावर घेतले नाही. त्याचे लक्ष अप्पांच्या कानांकडे होते. त्याने पाटी पुसून लिहिले, "तुम्हाला हे कधीपासून?" अप्पांनी हाताने पंखा फिरवल्यासारखे केले आणि म्हणाले, "तेव्हा आम्हालाही तो आवाज आवडायचा रे."

स्पर्धेला अप्पा आले. विमान सायलेन्सरसह उडाले. टाकी संपेपर्यंत इंजिन एकदाही अडखळले नाही. क्रमांक तिसरा आला. सगळे पांगल्यावर भाच्याने टाकी पुन्हा भरली, मला विमान सोडायला उभे केले आणि मूठ अप्पांच्या हातात देऊन त्यांच्या मनगटावर आपला हात ठेवला. विमान सुटले. तारा ताणल्या. अप्पा त्याच्याबरोबर सावकाश गोल फिरू लागले.

"चांगलं चाललंय," ते मोठ्याने म्हणाले. "हाताला येतंय ऐकू."

चिटणिसांनी आता रविवारी अकरा ते साडेअकरा गच्ची उघडून दिली आहे. बाळाला त्या वेळी आंघोळ घालतात.