माउंटन मेडोज हत्याकांडातील मालमत्ता

माउंटन मेडोज हत्याकांडातील मालमत्ता म्हणजे ११ सप्टेंबर १८५७ रोजी अमेरिकेच्या युटा प्रदेशात मारल्या गेलेल्या स्थलांतरितांची गुरे, घोडे, गाड्या, कपडे, अंथरूण-पांघरूण, रोकड व इतर चीजवस्तू होय. आर्कान्सा राज्यातून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या या तांड्यातील सुमारे १२० स्त्री-पुरुष व मुले ठार झाली. १७ लहान मुले तेवढी वाचली. मागे राहिलेली मालमत्ता या मुलांना परत मिळाली नाही. हल्ला केवळ पायूट आदिवासींनी केला, असे सुरुवातीला सांगितले जात होते. मात्र लुटीचा माल गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या वस्त्यांत आढळल्याने या सांगण्याविषयी संशय बळावला.

पार्श्वभूमी

१८५७ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांनी युटाकडे सैन्य धाडले. त्यामुळे तेथील मॉर्मन वसाहतींत युद्धाची भीती पसरली आणि वाटसरूंना धान्य न विकण्याच्या सूचना देण्यात आल्या. मॉर्मन नेते व युटाचे गव्हर्नर ब्रिगहॅम यंग यांनी १ सप्टेंबर रोजी सॉल्ट लेक सिटी येथे काही आदिवासी प्रमुखांची भेट घेतली. दक्षिणेच्या वाटेने जाणारी गुरे आदिवासींना देऊ केल्याची नोंद या भेटीतील दुभाषी डिमिक हंटिंग्टन यांच्या रोजनिशीत आहे. या नोंदीच्या अर्थाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

तांड्यातील मालमत्ता

जॉन टी. बेकर व अलेक्झांडर फॅन्चर हे तांड्याचे प्रमुख होते. आर्कान्सात स्वस्त मिळणाऱ्या गुरांना कॅलिफोर्नियात चांगला भाव येई. म्हणून अनेक कुटुंबांनी आपली पुंजी गुरांत गुंतविली होती. एकूण गुरांची संख्या काहीशे ते सुमारे एक हजार अशी वेगवेगळी सांगितली जाते. ऑक्टोबर १८६० मध्ये आर्कान्सातील नातलगांनी व शेजाऱ्यांनी शपथेवर जबान्या देऊन कोणी काय सोबत नेले होते, याची नोंद करून ठेवली. एकट्या बेकर यांच्याजवळ १३८ गुरे असल्याचे या जबान्यांत नमूद आहे. त्याखेरीज बैलांच्या जोड्या, खेचरे, गाड्या, शिधा व कपडे यांचाही त्यांत उल्लेख येतो.

शरणागती व लूट

७ सप्टेंबरपासून तांड्याला वेढा पडला होता. ११ सप्टेंबरला स्थानिक मॉर्मन लष्करी पथकातील जॉन डी. ली पांढरे निशाण घेऊन तांड्यात गेला. गुरे व सामान आदिवासींसाठी मागे सोडावे आणि शस्त्रे खाली ठेवावीत. मग सर्वांना सीडर सिटीपर्यंत सुरक्षित पोहोचविले जाईल, असे त्याने सांगितले. जीव वाचविण्यासाठी स्थलांतरितांनी मालमत्तेवर पाणी सोडले. परंतु काही अंतर चालून गेल्यावर त्यांची कत्तल करण्यात आली.

कत्तलीत सहभागी असलेला सीडर सिटीचा बिशप फिलिप क्लिंगेनस्मिथ याने पुढे दिलेल्या साक्षीनुसार गुरे आयर्न स्प्रिंग्ज येथे नेऊन त्यांच्यावर चर्चचा क्रॉसचा डाग देण्यात आला. कपडे व इतर सामान सीडर सिटीतील दशमांश कोठारात ठेवण्यात आले. तेथे जमा झालेल्या मालाचा जाहीर लिलाव झाला. मृतांच्या अंगावरून उतरविलेले कपडेही त्यात होते. पायूट लोकांनाही काही गुरे व कपडे मिळाले; मात्र मोठा वाटा गोऱ्या वसाहतकऱ्यांकडे गेला, असा निष्कर्ष नंतरच्या सरकारी चौकशीत काढण्यात आला.

वाचलेली मुले

वाचलेली मुले परिसरातील कुटुंबांत वाटून देण्यात आली होती. १८५९ साली इंडियन व्यवहार अधीक्षक जेकब फॉर्नी यांनी त्यांना एकत्र केले आणि त्यांची आर्कान्सात रवानगी झाली. मुलांना परत आणण्यासाठी अमेरिकन काँग्रेसने १०,००० डॉलर मंजूर केले होते. मुलांना सांभाळणाऱ्या काहींनी पालनपोषणाच्या खर्चाचे, तसेच आदिवासींना खंडणी देऊन मुले सोडविल्याचे दावे सरकारकडे दाखल केले. मुले आदिवासींच्या ताब्यात कधीच नव्हती, असे सांगत लष्करी अधिकारी जेम्स हेन्री कार्लटन यांनी या दाव्यांवर कठोर टीका केली. आपल्या आईवडिलांचे कपडे व गुरे इतरांकडे पाहिल्याचे काही मुलांनी मोठेपणी सांगितले.

चौकशी व साक्षी

कार्लटन यांनी मे १८५९ मध्ये घटनास्थळी विखुरलेल्या अस्थी पुरून दगडांची रास उभारली आणि लुटीच्या वाटणीविषयी मिळालेली माहिती अहवालात नोंदविली. किमान ३०,००० डॉलरची मालमत्ता गोऱ्या लोकांनी घेतली, असा फॉर्नी यांचा अंदाज होता. त्याच वर्षी न्यायाधीश जॉन क्रॅडलबॉ यांनी अटकेची वॉरंटे काढली. पण लष्कराचे संरक्षण काढून घेतल्याने त्यांचा तपास पुढे सरकला नाही.

१८७५ च्या खटल्यात मालमत्तेचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. ली हा आदिवासींना शेती शिकविण्यासाठी नेमलेला अधिकारी असल्याने सर्व मालमत्ता त्याच्या स्वाधीन करावी, असे यंग यांनी सांगितल्याची साक्ष क्लिंगेनस्मिथ याने दिली. यंग यांनी त्याच वर्षी दिलेल्या लेखी जबानीत याचा इन्कार केला. या मालमत्तेविषयी आपण कोणतीही सूचना दिली नाही व लोकप्रवादापलीकडे आपल्याला काही ठाऊक नाही, असे त्यांनी म्हटले. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. १८७६ च्या दुसऱ्या खटल्यात ली दोषी ठरला आणि २३ मार्च १८७७ रोजी माउंटन मेडोज येथेच त्याला गोळ्या घालण्यात आल्या. या हत्याकांडासाठी शिक्षा झालेला तो एकमेव मनुष्य होय.

इतिहासलेखन

हनिटा ब्रूक्स यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून या घटनेच्या चिकित्सक अभ्यासाला चालना मिळाली. लुटीचा लोभ हे हत्याकांडाचे कारण होते की परिणाम, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. बहुतेक जण युद्धाची भीती, धार्मिक आवेश व स्थानिक नेत्यांचे निर्णय यांना अधिक महत्त्व देतात. मात्र वाटून घेतलेला माल गुन्हा लपविण्यास कारण ठरला, कारण तो घरोघरी पोहोचल्यामुळे प्रत्यक्ष कत्तलीत नसलेली कुटुंबेही या प्रकरणात गुंतली. २००७ साली मॉर्मन चर्चने स्थलांतरितांच्या व पायूट लोकांच्या वंशजांसमोर खेद व्यक्त केला आणि २०११ साली हे स्थळ राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले.