स्पिंडलचा वेग आणि समप्रमाणाचा पाठ : कंट्रोलर व्हीएफडीला कसा जोडायचा?



आजचा विषय आपल्या नेहमीच्या पाठांपेक्षा वेगळा आहे. पण शेवटपर्यंत वाचलंत तर लक्षात येईल, की यात सातवीच्या समप्रमाणापलीकडचं गणित जवळजवळ नाहीच. अडतं ते वायर कुठे जोडायची आणि कोणावर विश्वास ठेवायचा, इथे.

माझ्या धाकट्या भावाचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. देव्हारे, दारांवरची नक्षी अशी कामं तो करतो. कर्ज काढून त्याने सीएनसी राउटर घेतला. मशीन सुरू होऊन चौथा दिवस असेल. काम संपलं, स्क्रीनवर स्पिंडल बंद दाखवत होता. मदतनीस पोरगा भुसा झाडायला हात पुढे करणार, तेवढ्यात भाऊ ओरडला. कटर फिरतच होता! हात वाचला. संध्याकाळी फोन आला, "ताई, कॉम्प्युटर म्हणतो थांबला आणि हा तर फिरतोय. तू जरा मॅन्युअल वाचून सांग ना."

मी डीएड झालेली प्राथमिक शिक्षिका, इलेक्ट्रिशियन नाही. पण सुट्टीत बसून मॅन्युअल वाचलं आणि कागदावर आकृती काढली. भावाने ओळखीच्या वायरमनला सोबत घेऊन जोडणी नव्याने केली. तेव्हा जे समजलं ते आज सोप्या भाषेत सांगते. आपले कितीतरी विद्यार्थी पुढे आयटीआयला जातात, अशाच मशीनवर कामाला लागतात. त्यांच्यापर्यंत हे पोचायला हवं.

व्हीएफडी म्हणजे काय?

घरातला पंखा आपण रेग्युलेटरने हळू करतो. मग स्पिंडलला तसाच रेग्युलेटर का नाही चालत? कारण स्पिंडलची मोटर थ्री फेज असते आणि तिचा वेग मुख्यतः विजेच्या वारंवारतेवर ठरतो. सूत्र असं :

फेरे प्रति मिनिट = १२० × वारंवारता ÷ पोलची संख्या

आपल्याकडे घरात ५० हर्ट्झची वीज येते. दोन पोलची मोटर त्यावर मिनिटाला ३,००० फेरे घेईल. लाकडावरच्या बारीक नक्षीला एवढा वेग पुरत नाही. म्हणून स्पिंडल ४०० हर्ट्झसाठी बनवलेला असतो. आता सूत्रात घाला : १२० × ४०० ÷ २ = २४,०००. स्पिंडलच्या पट्टीवर हाच आकडा छापलेला दिसतो.

५० ची वारंवारता ४०० करून देणारा डबा म्हणजे व्हीएफडी. तो आधी येणाऱ्या एसी विजेची डीसी करतो आणि मग त्या डीसीपासून हव्या त्या वारंवारतेची थ्री फेज वीज तयार करतो. वारंवारता कमी केली की तो व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करतो. ४०० हर्ट्झला २२० व्होल्ट, तर २०० हर्ट्झला साधारण ११० व्होल्ट. असं केलं नाही तर कमी वेगात मोटर जास्त करंट खेचते आणि तापते.

कंट्रोलर व्हीएफडीला दोनच गोष्टी सांगतो

हे नीट समजलं की अर्धं काम झालं. पहिली गोष्ट, "चालू हो" किंवा "बंद हो". दुसरी गोष्ट, "किती वेगाने". या दोन निरोपांसाठी दोन वेगळ्या वाटा आहेत.

पहिली वाट : चालू-बंद. व्हीएफडीवर 'फॉरवर्ड' असं एक टर्मिनल आणि त्याचं 'कॉमन' असतं. बहुतेक लहान व्हीएफडींमध्ये ही दोन टर्मिनलं एकमेकांना जोडली की स्पिंडल फिरतो, सोडली की थांबतो. ही जोडणी कंट्रोलरच्या रिलेने करायची. रिले म्हणजे विजेने दाबला जाणारा स्विच, एवढंच. इथे बाहेरून कुठलंही व्होल्टेज द्यायचं नाही, फक्त कोरडा संपर्क.

दुसरी वाट : वेग. व्हीएफडीवर एक ॲनालॉग इनपुट आणि त्याचं ग्राउंड असतं. त्यावर ० ते १० व्होल्ट द्यायचे. ० व्होल्ट म्हणजे ० हर्ट्झ, १० व्होल्ट म्हणजे ४०० हर्ट्झ. मधलं सगळं समप्रमाणात.

शेजारीच '१० व्होल्ट' असं आणखी एक टर्मिनल दिसेल. ते व्हीएफडी स्वतः बाहेर देतो, नॉब जोडायची असेल तर तिच्यासाठी. कंट्रोलरची सिग्नल वायर चुकून तिथे लावू नका. कंट्रोलर जळू शकतो.

५ व्होल्टचे १० कसे होतात?

लहान मशीनवर बहुधा जीआरबीएल नावाची प्रणाली चालवणारा बोर्ड असतो. अशा बोर्डाची पिन बहुधा एकतर ५ व्होल्ट देते, नाहीतर ०. मधलं काही नाही. मग वेग कसा सांगणार?

बादलीचं उदाहरण घ्या. नळ एकतर पूर्ण उघडायचा, नाहीतर पूर्ण बंद. पण एक सेकंद उघडा, एक सेकंद बंद असं करत राहिलो, तर बादलीत सरासरी अर्ध्या नळाइतकंच पाणी जमेल ना? बोर्ड हेच सेकंदाला सुमारे हजार वेळा करतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. अर्धा वेळ चालू असेल तर सरासरी २.५ व्होल्ट.

या थरथरत्या सिग्नलला सपाट करून ० ते १० व्होल्टमध्ये बदलणारं छोटं मॉड्यूल बाजारात मिळतं. ते बोर्ड आणि व्हीएफडी यांच्यामध्ये बसवायचं. त्याला वेगळा डीसी पुरवठा लागतो, १२ किंवा २४ व्होल्टचा. मॉड्यूलवर काय लिहिलंय ते बघूनच द्या. शक्यतो आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजू विजेने एकमेकींपासून अलग ठेवणारं मॉड्यूल घ्या. व्हीएफडीत काही बिघाड झाला, तर तो कंट्रोलर आणि कॉम्प्युटरपर्यंत पोचण्याची शक्यता त्यामुळे खूप कमी होते.

आता त्रैराशिक मांडू

प्रोग्रामच्या ओळीत 'एम३ एस१२०००' लिहिलं. एम३ म्हणजे उजवीकडे फिर. एस१२००० म्हणजे मिनिटाला १२,००० फेरे.

- १२,००० ÷ २४,००० = निम्मे
- पीडब्ल्यूएम : ५० टक्के
- मॉड्यूलमधून : ५ व्होल्ट
- व्हीएफडीवर : २०० हर्ट्झ
- स्पिंडल : १२० × २०० ÷ २ = १२,००० फेरे

साखळी जुळली! पण एका कडीत जरी प्रमाण चुकलं तरी शेवटचा आकडा चुकतो. म्हणून सेटिंग जपून करा.

कंट्रोलरची सेटिंग

जीआरबीएलमध्ये $३० म्हणजे कमाल वेग. तिथे २४००० लिहा. मूळ आकडा १००० असतो. तो तसाच राहिला तर १००० च्या वर काहीही मागा, स्पिंडल पूर्ण वेगाने पळेल. $३२ ला ० ठेवा, कारण १ म्हणजे लेसरची पद्धत.

$३१ म्हणजे किमान वेग. इथे आम्ही फसलो. असे स्पिंडल फार हळू चालवले तर तापतात. आमच्या स्पिंडलच्या पुस्तिकेत ८,००० च्या खाली नको असं होतं. म्हणून भावाने $३१ ला ८००० लिहिलं. दिसायला बरोबर वाटतं, हो की नाही?

पण जीआरबीएल काय करतं बघा. ते ८,००० ला जवळजवळ शून्य व्होल्ट धरतं आणि २४,००० ला पूर्ण. म्हणजे १२,००० मागितले की (१२,००० − ८,०००) ÷ (२४,००० − ८,०००) = पाव. २५ टक्के म्हणजे २.५ व्होल्ट, म्हणजे १०० हर्ट्झ, म्हणजे ६,००० फेरे! मागितले त्याच्या निम्मे. कटर लाकडात अडकून दोन बिट मोडले ते यामुळेच.

उपाय सोपा आहे. $३१ ला ० ठेवा आणि किमान मर्यादा व्हीएफडीमध्ये घाला. ८,००० फेऱ्यांसाठी ती साधारण १३३ हर्ट्झ येते.

व्हीएफडीची सेटिंग

प्रत्येक कंपनीचे क्रमांक वेगळे असतात, म्हणून आपल्या मॅन्युअलमध्ये शोधा. लहान राउटरवर नेहमी दिसणाऱ्या हुआनयांग व्हीएफडीत ते असे आहेत. पीडी००१ म्हणजे चालू-बंदचा हुकूम कुठून घ्यायचा आणि पीडी००२ म्हणजे वेगाचा हुकूम कुठून घ्यायचा. ० म्हणजे पॅनेलवरून, १ म्हणजे टर्मिनलवरून. पीडी००५ म्हणजे कमाल वारंवारता, तिथे ४००. पीडी०७० मध्ये ० म्हणजे ० ते १० व्होल्टचं इनपुट. मोटरचा करंट आणि पोल स्पिंडलच्या पट्टीवर बघून घाला.

त्या दिवशीचा हात जाता जाता का वाचला, ते आता सांगते. पीडी००१ हा ० वरच होता. स्पिंडल पॅनेलवरच्या हिरव्या बटणाने चालू केला होता. प्रोग्रामने शेवटी 'एम५', म्हणजे थांब, सांगितलं. कॉम्प्युटरने स्क्रीनवर 'बंद' लिहिलं. पण ते ऐकायला व्हीएफडीचा कानच उघडा नव्हता. स्क्रीन खोटं बोलत नव्हती. आपण काय सांगितलं तेवढंच ती दाखवते, समोरच्याने ऐकलं की नाही हे तिला कळत नाही. वर्गातही असंच होतं ना? फळ्यावर लिहिलं म्हणजे मुलांना समजलं असं नसतं.

जोडणीचा क्रम

१. मेन लाइन, अर्थिंग आणि एमसीबीचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

२. व्हीएफडी बंद केल्यावर लगेच झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेली असते. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मग मल्टीमीटरने तपासा.

३. यू, व्ही, डब्ल्यू ही स्पिंडलकडे जाणारी टर्मिनलं. तिथे मेन लाइन जोडली तर व्हीएफडी जागीच खलास. या वायरींमध्ये स्विचही घालू नका.

४. आधी कंट्रोलर न जोडता, फक्त पॅनेलवरून, कटर आणि नट काढून स्पिंडल हळू फिरवा. पाण्याचा असेल तर पंप आधी सुरू करा. वरून बघताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायला हवा. उलटा फिरला तर सगळं बंद करून, थांबून, तिघांपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा.

५. आता सिग्नलच्या वायरी. शील्डेड वायर वापरा आणि तिची जाळी एकाच टोकाला अर्थ करा. ही वायर मोटरच्या वायरीबरोबर एकाच पट्टीत बांधू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. नाहीतर वेग आपोआप वरखाली होतो, कधी कंट्रोलर मध्येच बंद पडतो.

६. व्हीएफडीला जोडण्याआधी मॉड्यूलमधून बाहेर येणारे व्होल्ट मोजा. एस१२००० ला ५ व्होल्ट येईपर्यंत त्यावरचा छोटा स्क्रू फिरवा. मग एस६००० ला २.५ आणि एस२४००० ला १० येतात का बघा.

७. स्पिंडलला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तो वेळ व्हीएफडीत फार कमी ठेवला तर चढताना जास्त करंटने आणि थांबताना जास्त व्होल्टेजने व्हीएफडी ट्रिप होतो. आम्ही १० सेकंद ठेवले. मग प्रोग्राममध्ये एम३ नंतर 'जी४ पी१०' लिहिलं, म्हणजे १० सेकंद थांब. नाहीतर पूर्ण वेग येण्याआधीच कटर लाकडात शिरतो.

लाल बटण

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. इमर्जन्सीचं लाल बटण नुसतं कॉम्प्युटरला जोडलेलं असेल तर ते अपुरं आहे. कॉम्प्युटर अडकला तर काय? म्हणून बटणाचा, दाबल्यावर तुटणारा संपर्क चालू-बंदच्या वायरीतच, रिलेच्या मालिकेत जोडा. मग सॉफ्टवेअर काहीही म्हणो, बटण दाबलं की 'चालू'चा निरोप तुटतो. बटणाला दुसरा संपर्क असेल तर तो कंट्रोलरला द्या, म्हणजे टेबलही थांबेल.

जोडणी झाल्यावर तीन चाचण्या कराच. कटर न लावता स्पिंडल फिरवा आणि एकदा एम५ द्या, एकदा लाल बटण दाबा, एकदा कंट्रोलरची यूएसबी वायर काढा. पहिल्या दोन वेळा स्पिंडल थांबायलाच हवा. तिसऱ्या वेळी काय होतं ते डोळ्यांनी बघून ठेवा, कारण ते बोर्ड कशावर चालतो त्यावर अवलंबून असतं. तो फिरत राहिला, तर वर्कशॉपमधल्या प्रत्येकाला ते माहीत असलं पाहिजे.

आणि बटण दाबलं तरी स्पिंडल काही सेकंद फिरतोच. कटर बदलायचा असेल तर एमसीबी खाली करा, मगच पाना हातात घ्या.

भावाच्या वर्कशॉपमध्ये आता मशीनवर मी लिहिलेला एक कागद चिकटवलेला आहे : "स्क्रीनकडे नाही, कटरकडे बघा." तो पोरगा अजून तिथेच काम करतो. परवा त्याने स्वतः मल्टीमीटर लावून व्होल्ट मोजून दाखवले आणि म्हणाला, "ताई, हे तर शाळेतलंच गणित आहे." शिक्षकाला आणखी काय हवं?

स्वाध्याय : कमाल वेग २४,००० आणि कमाल वारंवारता ४०० हर्ट्झ असेल, तर एस१८००० ला किती व्होल्ट आणि किती हर्ट्झ? एस९००० ला किती? मुलांना सोडवायला द्या.

(उत्तरे : ७.५ व्होल्ट, ३०० हर्ट्झ; ३.७५ व्होल्ट, १५० हर्ट्झ.)